सुखाच्या स्वरांतलं दुःखाचं गाणं

कुणी हातात निवडायची भाजी घेऊन ऐकत असेल, कुणी बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांना जमवून रेडिओ लावला असेल.

आज एक प्रश्न घेऊन आले आहे. गाणं दुःखी कशानं होतं? शब्दांनी, चालीनं, आवाजानं, की सावकाश म्हटल्यानं? सोपं उत्तर आपल्यापाशी तयार असतं: शब्द दुःखाचे म्हणून गाणं दुःखाचं. पण ज्या भाषेतला एक शब्दही कळत नाही, असं गाणं ऐकूनही कधी कधी घसा दाटून येतो. तेव्हा शब्दांनी काहीच केलेलं नसतं. मग कुणी केलं?

हे उलगडायला मी आज एक परदेशी गाणं निवडलं आहे. ते एका ऑपेरातलं आहे. ऑपेरा म्हणजे युरोपातलं संगीत नाटक. आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात आणि मधे मधे गातात. ऑपेरात बहुतेक सगळं गाऊनच सांगतात, भांडणसुद्धा. समोर मोठा वाद्यवृंद बसलेला असतो आणि एक माणूस हातात छडी घेऊन सगळ्यांची लय सांभाळत असतो.

आपल्या ऑपेराचं नाव 'ऑर्फेओ आणि युरिडिसी'. संगीतकार ग्लुक. पहिला प्रयोग झाला ५ ऑक्टोबर १७६२ रोजी, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात. त्या काळी ऑपेरात गायक आपल्या गळ्याची करामत दाखवत बसायचे, ताना लांबत जायच्या आणि गोष्ट बाजूला पडायची. ग्लुक आणि त्याचा नाटककार काल्झाबिजी यांनी ठरवलं की आपलं नाटक साधं ठेवायचं. गोष्टीला जेवढं लागेल तेवढंच गाणं.

गोष्ट फार जुनी, ग्रीक लोकांची. ऑर्फेओ हा मोठा गवई. त्याची बायको युरिडिसी मरते. आपल्याकडे वटपौर्णिमेला आपण सावित्रीची कथा ऐकतो, ती नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. इथे नवरा बायकोसाठी मेलेल्यांच्या राज्यात जातो. गाणं गाऊन तो तिथल्या रखवालदारांनाही वितळवतो. तिला परत न्यायची परवानगी मिळते, पण एका अटीवर. वर पोचेपर्यंत तिच्याकडे वळून बघायचं नाही, आणि का बघत नाही तेही तिला सांगायचं नाही.

आता विचार करा, बायको मागून येते आहे. इतक्या दिवसांनी नवरा भेटला आणि हा माझ्याकडे बघतसुद्धा नाही! ती विचारते, रुसते, रडते. ह्याचं प्रेम उरलं नाही असं तिला वाटतं. शेवटी त्याला राहवत नाही. तो वळून बघतो आणि त्याच क्षणी ती पुन्हा मरते. तिच्याजवळ बसून ऑर्फेओ जे गाणं म्हणतो, ते आजचं आपलं गाणं. ही नाही तर मी आता काय करू, कुठे जाऊ, असा त्याचा भाव.

आता गंमत ऐका. युरोपच्या संगीतात ढोबळ मानानं स्वरांचे दोन घाट मानतात. एकाला म्हणतात मेजर, दुसऱ्याला मायनर. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. मेजर म्हणजे सगळे स्वर शुद्ध, आपला बिलावल थाट. पांढरी एक हा सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवत गेलं की मेजर तयार. मायनरमध्ये गंधार कोमल होतो, म्हणजे ग थोडा खाली उतरतो, आणि बहुतेक वेळा धैवत, निषादही उतरतात. तिकडचा रिवाज असा की आनंद, लग्न, विजय यांना मेजर. आणि विरह, मरण, भीती यांना मायनर. नियम म्हणून कुणी लिहून ठेवलेला नाही, पण कानाला सवय तशीच लागलेली आहे.

मग बायको मेली तेव्हाच्या या गाण्याला ग्लुकनं कोणता घाट दिला असेल? मेजर! आणि तोही साधा, पांढरी एकचा. एका ठिकाणी, जिथे ऑर्फेओ म्हणतो की आता कुठूनच आशा नाही, तिथे थोडा वेळ मायनरची सावली येते. मग पुन्हा सगळे शुद्ध स्वर. हे गाणं अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोकांना रडवत आलं आहे, आणि ते सुखाच्या स्वरांत बांधलेलं आहे.

हे कोडं फार जणांना पडलं. हान्सलिक नावाचे व्हिएन्नाचे एक नामांकित संगीत समीक्षक होते. त्यांनी १८५४ साली संगीतावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी हेच गाणं उदाहरणाला घेतलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बायको हरवली या शब्दांच्या जागी बायको सापडली असे शब्द घाला, चाल तितकीच चपखल बसेल. म्हणजे दुःख चालीत नाहीच, आपण ते शब्दांवरून चालीत घालतो.

पण त्यांच्या किती तरी आधी, १७७० मध्ये, स्वतः ग्लुकनं याच गाण्याबद्दल लिहून ठेवलं होतं. त्याचा आशय असा की, या गाण्यात म्हणण्याची ढब जराशी बदलली, तर ते कळसूत्री बाहुल्यांच्या नाचाचं गाणं होऊन बसेल. कुठला स्वर जास्त वेळ धरला, कुठे घाई झाली, कुठे आवाज उगाच वाढवला, एवढ्यानं सगळं बिघडतं.

दोघांनीही पाहिलं तेच. समीक्षक म्हणाले, या चालीत दुःख नाही. संगीतकार म्हणाला, दुःख आहे, पण ते गाणाऱ्याच्या हाती सोपवलेलं आहे. मला ग्लुकचं म्हणणं पटतं, आणि ते तुम्हालाही पटेल असं वाटतं. कारण आपण जात्यावरच्या ओव्या ऐकल्या आहेत, काहींनी म्हटल्याही आहेत. एकाच चालीवर भावाचं कौतुक होतं, त्याच चालीवर माहेरची आठवण निघते आणि त्याच चालीवर गेलेल्या आईला हाक मारली जाते. चाल बदलत नाही. हात सावकाश फिरायला लागतो, ओळीच्या शेवटी श्वास रेंगाळतो आणि ऐकणारीला कळतं की आज हिच्या मनात काही तरी आहे.

तर आता तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहू. पट्टी, लय आणि भाव.

आधी पट्टी. पट्टी म्हणजे सा कुठे धरायचा ते. घाट तोच ठेवून पट्टी वर-खाली करता येते. भजनात आपण म्हणतोच, माझी पट्टी काळी दोन, तिची पांढरी पाच. या गाण्याची पट्टी गाणाऱ्याप्रमाणे बदलत गेली. १७६२ मध्ये ऑर्फेओचं काम ग्वादानी नावाच्या गायकानं केलं. त्या काळी युरोपात काही मुलांवर लहानपणीच शस्त्रक्रिया करत, म्हणजे आवाज फुटू नये. मोठेपणी त्यांचा आवाज बाईच्या पट्टीतला राही. ग्वादानी त्यांतलाच. ही क्रूर रीत पुढे बंद झाली. त्याच्यासाठी गाणं होतं पांढरी एकमध्ये. १७७४ मध्ये ग्लुकनं पॅरिससाठी नाटक नव्यानं बांधलं. तिथे ऑर्फेओ झाला उंच आवाजाचा पुरुष, म्हणून गाणं पांढरी चारमध्ये नेलं. पुढे १८५९ मध्ये बर्लिओझ या फ्रेंच संगीतकारानं ते पोलिन व्हियार्दो या गायिकेसाठी पुन्हा खालच्या पट्टीत आणलं. तेव्हापासून खालच्या, भरदार आवाजाच्या बायका पुरुषवेष घालून ऑर्फेओ गात आल्या. आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीवेषात उभे राहत, तिथे हे उलट.

पट्टी बदलल्यानं काय होतं? घाट तोच राहतो, पण ताण बदलतो. उंच पट्टीत गाणाऱ्याचा गळा ताणलेला असतो, ते ओरडल्यासारखं, तक्रारीसारखं ऐकू येऊ शकतं. खालच्या पट्टीत तेच शब्द स्वतःशी बोलल्यासारखे वाटतात. म्हणून आपल्या गळ्याला कुठली पट्टी बसते हा फक्त सोयीचा प्रश्न राहत नाही. गाण्याचा भाव तिथेच अर्धा ठरतो.

आता लय. ग्लुकच्या काळी लय मोजायचं यंत्र नव्हतं. टकटक करून लय दाखवणारा मेट्रोनोम आला १८१५ च्या सुमाराला. त्याआधी संगीतकार एखादा इटालियन शब्द लिहून मोकळे होत. त्यातला एक शब्द आहे 'आंदान्ते'. अर्थ, चालण्याच्या गतीनं. पण कुणाच्या चालण्याच्या? डोक्यावर भरला हंडा घेऊन येणारी बाई आणि रिकाम्या हातानं बाजाराला निघालेली बाई, दोघी चालतच असतात. म्हणून हे गाणं कुणी फार संथ गातं, कुणी बरंच चपळ. अलीकडे, जुन्या काळची वाद्यं घेऊन वाजवणारे लोक ते पुष्कळदा वेगात घेतात. तेही खोटं वाटत नाही. जत्रेत पोर हरवलं तर आई काही सावकाश हाका मारत नाही, ती धावत सुटते. वेगातही दुःख असतं, पण ते धावाधावीचं दुःख. संथ लयीतलं दुःख म्हणजे सगळं संपल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचं. कुठलं घ्यायचं ते गाणाऱ्यानं आणि छडीवाल्यानं ठरवायचं. दोन्हींच्या अधेमधे राहिलं की मात्र तो बाहुल्यांचा नाच होतो.

आता आपण एक तबकडी ऐकू. ती १९४६ साली लंडनची डेक्का कंपनी हिनं काढली. छडी होती माल्कम सार्जंट यांच्या हातात, वाद्यवृंद होता लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, आणि गायिका कॅथलीन फेरियर. गाणं तिनं इंग्रजीत म्हटलं आहे, 'व्हॉट इज लाइफ' या नावानं.

(इथे तबकडी ऐकवली.)

ऐकलंत? आता ही बाई कोण ते सांगते. इंग्लंडच्या लँकेशर भागातल्या हायर वॉल्टन या गावी १९१२ मध्ये तिचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि ती ब्लॅकबर्नच्या टेलिफोन कचेरीत लागली. दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायचे. १९३५ साली फोनवरून वेळ सांगण्यासाठी एका बाईचा आवाज निवडायचा होता, त्या स्पर्धेत तिनं भाग घेतला. तिचा आवाज निवडला गेला नाही! पियानो ती चांगली वाजवायची. १९३७ मध्ये कार्लाइल गावच्या संगीत स्पर्धेत ती पियानोसाठी गेली होती. नवऱ्यानं चेष्टेत एका शिलिंगची पैज लावली की गाण्याच्या स्पर्धेत उतरायची तुझी हिंमत नाही. ती उतरली आणि पियानो व गाणं दोन्हींत पहिली आली. पुढे महायुद्धाच्या काळात तिनं कारखान्यांत, लहान लहान गावांच्या सभागृहांत जाऊन कामकरी माणसांपुढे गायन केलं.

तिचा आवाज होता कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजांतला सगळ्यात खालचा. आपल्याकडे अशा आवाजाच्या मुलीला भजनात मागे बसवतात. 'हिचा आवाज पुरुषी आहे' म्हणतात. मैत्रिणींनो, त्याच आवाजानं हे गाणं जगभर नेलं.

तबकडीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण आपण जे ऐकलं ते गाणं आणि यंत्र मिळून झालेलं आहे. त्या काळची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर साडेचार मिनिटांच्या आसपास गाणं मावायचं. म्हणजे फार रेंगाळायला जागाच नाही. जास्त संथ घेतलं तर तबकडी संपेल आणि गाणं उरेल. रंगमंचावर नसलेलं हे कुंपण तबकडीवर होतं, आणि गाणाऱ्यांना लय त्या कुंपणाच्या आत बसवावी लागे.

दुसरी गंमत, तबकडीवर लय आणि पट्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की काय व्हायचं आठवतं? गाणं हळू व्हायचं आणि आवाजही जाड, खाली जायचा. तबकडीचंही तेच. ७८ ऐवजी ८२-८३ फेरे झाले की पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये ऐकू येतं, आणि लयही वाढते. फेरे कमी झाले की गाणं खाली आणि संथ. म्हणून जुनं गाणं ऐकून 'किती खोल आवाज, किती संथ लय' असं म्हणायच्या आधी यंत्र बरोबर फिरतंय का तेही बघावं लागतं.

तिसरी गोष्ट डेक्का कंपनीची. महायुद्धात शत्रूच्या आणि आपल्या पाणबुड्यांचे आवाज वेगळे ओळखता यावेत म्हणून तिनं ध्वनिमुद्रणाची एक नवी पद्धत तयार केली. आधीच्या तबकड्यांवर न उमटणारे बारीक आवाज तिच्यात उमटू लागले. युद्ध संपल्यावर तीच पद्धत गाण्यांच्या तबकड्यांना लावली. फेरियरच्या आवाजाला याचा मोठा फायदा झाला.

आता पुन्हा गाण्याकडे. हे गाणं मुखडा आणि कडवी असं बांधलेलं आहे. मुखडा तीनदा येतो. तिन्ही वेळा तेच शब्द, तेच स्वर. मधे दोनदा तो मोडतो आणि ऑर्फेओ नुसता बायकोला हाक मारतो. उत्तर येत नाही. मग पुन्हा मुखडा. इथे संगीतकारानं फार खरं काही तरी पकडलं आहे. ज्या घरात नुकतं कुणी गेलेलं असतं, त्या घरातली माणसं काय बोलतात? तेच तेच बोलतात. पुन्हा पुन्हा तीच ओळ. दरवेळी नवं काही सुचत नाही.

फेरियर काय करते, तर ती रडत नाही. आवाजात हुंदका आणत नाही. मुखडा सरळ, स्वच्छ, भरल्या श्वासानं म्हणते. स्वर पुरा होईपर्यंत सोडत नाही. हाकेच्या जागी थांबते आणि ती शांतता भरून काढायची घाई करत नाही. मला वाटतं, स्वर सुखाचे असल्याचा खरा उपयोग इथे होतो. तिचं घर होतं, संसार होता, ती हसायची, हे सगळं त्या शुद्ध स्वरांत आहे. जे चांगलं होतं तेच आठवत माणूस बसलं आहे, आणि ते आता नाही. नुसत्या रडक्या स्वरांत काय गेलं ते कळत नाही. सुखाच्या स्वरांत, संथ लयीत, ते नेमकं कळतं.

आता भावाबद्दल एक शेवटची गोष्ट, आणि ती जरा जपून सांगायला हवी.

१९५१ साली फेरियरच्या स्तनात गाठ आढळली. तरी तिनं ठरलेले परदेशातले आणि इंग्लंडमधले कार्यक्रम पुरे केले आणि मार्चच्या अखेरीला डॉक्टरांकडे गेली. कर्करोग निघाला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. उपचार चालू ठेवून ती गात राहिली. फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात 'ऑर्फेओ'चे इंग्रजीतले चार प्रयोग ठरले. छडी होती तिचे स्नेही जॉन बार्बिरोली यांच्याकडे. ६ फेब्रुवारीला दुसरा प्रयोग चालू असताना, रोगानं पोखरलेलं तिच्या मांडीचं हाड रंगमंचावरच मोडलं. बरोबरच्या कलाकारांनी तिला आधार दिला. तिनं तशाच अवस्थेत नाटक शेवटपर्यंत नेलं, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि मग तिला रुग्णालयात नेलं. उरलेले दोन प्रयोग झाले नाहीत. ८ ऑक्टोबर १९५३ रोजी ती गेली. वय ४१.

हे ऐकल्यावर ती तबकडी पुन्हा लावली तर वेगळी ऐकू येईल. प्रत्येक श्वासात आपल्याला तिचं दुखणं ऐकू येईल. पण जपून. तबकडी आहे १९४६ ची. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, धडधाकट, नावारूपाला येत असलेली. आजाराचा मागमूस नव्हता. त्या गाण्यातलं दुःख तिच्या आजाराचं नाही. ते तिनं लयीतून, श्वासातून, थांबण्यातून घडवलेलं आहे. ती तिची कारागिरी. आपण तिला बिचारी म्हणून ऐकलं, तर तिनं केलेल्या कामाचं श्रेय आपण आजाराला देऊन टाकू. बाईनं चांगलं काम केलं की 'भोगलंय ना तिनं, म्हणून जमलं' असं म्हणायची आपली सवय आहे. तिनं शिकलं, रियाझ केला, विचार केला, हेही म्हणायला शिकू या.

आणि दुसरंही सांगते. मोडल्या हाडानं नाटक पुरं केलं, या गोष्टीचं लोक फार कौतुक करतात. तिच्या धीराला नमस्कार आहेच. पण आपल्या घरांतून बायकांनी दुखणं अंगावर काढण्याचं आधीच फार कौतुक झालेलं आहे. सुगी होऊ दे, लग्न उरकू दे, पोरांच्या परीक्षा होऊ देत, मग दाखवू, असं म्हणत महिने जातात. स्तनातली गाठ पुष्कळदा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच आपण थांबतो. आंघोळीच्या वेळी हाताला काही वेगळं लागलं, स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी आलं, कातडी आत ओढली गेली, काखेत गाठ लागली, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण कुठली आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही. घरच्यांना कसं सांगू अशी लाज वाटत असेल, तर गटातल्या मैत्रिणीला बरोबर घ्या. गट त्यासाठीही आहे.

आता पुढच्या बैठकीसाठी एक छोटा उद्योग. मोबाईलवर हे गाणं शोधा. कॅथलीन फेरियरचं १९४६ चं शोधा, आणि आणखी एखाद्या गायकाचं किंवा गायिकेचं. फेरियरनंच १९४७ मध्ये हे गाणं इटालियन भाषेतही मुद्रित केलं आहे, ते मिळालं तर फारच छान. तीन वेळा ऐका.

पहिल्या वेळी फक्त लय. मांडीवर हात ठेवून ठेका धरा. कुणाचं गाणं भरल्या हंड्यासारखं चालतंय, कुणाचं रिकाम्या हातानं, ते बघा. मधल्या हाकांच्या जागी तुमचा ठेका कुठे अडखळतो ते एकमेकींना सांगा.

दुसऱ्या वेळी फक्त पट्टी. मुखडा संपताना गाणं ज्या स्वरावर येऊन टेकतं, तो स्वर गुणगुणत राहा. तो सा. पेटी असेल तर तिच्यावर शोधा. दोन गाणाऱ्यांचा सा वेगळा निघाला, तर ताण कुणाच्या आवाजात जास्त आहे ते बोला.

तिसऱ्या वेळी डोळे मिटून नुसतं ऐका. मग प्रत्येकीनं एकच वाक्य सांगायचं: हे गाणं कसल्या दुःखाचं वाटलं? धावाधावीचं, की भिंतीला टेकून बसलेलं? सगळ्यांचं एकमत व्हायची गरज नाही. वाद झाला तर समजा की नीट ऐकलंत.

आणि एक. गटात कुणी मैत्रीण खालच्या आवाजाची असेल, गाताना मागे बसत असेल, तर तिला त्या दिवशी पुढे बसवा. तिच्या पट्टीत एक ओवी म्हणायला सांगा आणि बाकीच्यांनी तिच्या पट्टीत साथ धरा. नेहमी तिनंच आपल्या पट्टीत ओढाताण करत गायचं, असं का? तिच्या गळ्यात त्या ओवीचा असा काही भाव असेल, जो आपण कुणी अजून ऐकलेला नाही.

काय ऐकलंत, काय वाटलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भेटीत तुमची पत्रं वाचू. तोवर स्वतःला जपा. नमस्कार.